जुने डबे भंगारात नकोत, विमानतळाच्या सेवेत हवेत



कोल्हापूरच्या उजळाईवाडी येथील विमानतळावरील नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात, १९३९ साली सुरू झालेल्या या विमानतळाला साजेसे रूप आले, याचा आनंद साऱ्या जिल्ह्याला आहे. पण सांगली, मिरज, जयसिंगपूरच्या प्रवाशाने सामानासह तेथे पोहोचायचे कसे? स्वतःची गाडी नसेल तर भाड्याची करावी लागते. विमानाच्या वेळांना जोडलेली रेल्वे हा त्यावरचा सरळ उपाय आहे. त्यासाठी नव्या कोऱ्या गाड्यांची वाट पाहू नये. लांब पल्ल्याच्या गाड्यांतून काढलेले सुस्थितीतील डबे बदल करून वापरावेत, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.

लंडनमध्ये हे घडले आहे. १९८४ साली ब्रिटिश रेलने व्हिक्टोरिया स्थानक ते गॅटविक विमानतळ अशी खास गाडी सुरू केली. तिचे डबे सत्तरच्या दशकात बांधलेले, आंतरशहरी गाड्यांसाठीचे होते. त्यांत सामानासाठी जागा केली आणि जुन्या उपनगरी गाड्यांच्या डब्यांपासून स्वतंत्र सामानाचे डबे तयार केले. दर पंधरा मिनिटांना सुटणारी ही गाडी अर्ध्या तासात विमानतळ गाठत असे. ते डबे सुमारे वीस वर्षे चालले.

आपल्या रेल्वेलाही हे काम नवे नाही. जुन्या आयसीएफ बनावटीच्या डब्यांची जागा आता नव्या एलएचबी बनावटीचे डबे घेत आहेत. जुन्या डब्यांपासून मोटारी वाहून नेणारे डबे बनतात. २०२० साली करोनाच्या काळात हजारो डब्यांचे विलगीकरण कक्ष झाले. मुंबईत सीएसएमटी स्थानकात जुन्या डब्यात उपाहारगृह थाटले गेले. मग बॅगा घेऊन निघालेल्या प्रवाशांसाठीच हे कौशल्य का वापरू नये?

कोल्हापूर–मिरज हा १८९१ सालचा लोहमार्ग जेमतेम ४८ किलोमीटरचा आहे. व्हिक्टोरिया–गॅटविक अंतरही साधारण तेवढेच. याच मार्गावरील वळिवडे स्थानकापासून विमानतळ काही किलोमीटरवर आहे. तेथून गाडीच्या वेळेला बस ठेवली की काम भागते. बेंगळुरूत जानेवारी २०२१ मध्ये विमानतळाजवळ असाच रेल्वे थांबा सुरू झाला आणि तेथून टर्मिनलपर्यंत बसची सोय केली गेली.

जुने डबे सुरक्षित असतील का, हा आक्षेप रास्त आहे. म्हणूनच आयुर्मान शिल्लक असलेले डबेच निवडावेत, कारखान्यात त्यांची संपूर्ण तपासणी व्हावी आणि वेगावर मर्यादा घालावी. एवढ्या कमी अंतरासाठी मोठ्या वेगाची गरजच नाही. मार्ग एकेरी असल्याने लंडनसारख्या दर पंधरा मिनिटांच्या फेऱ्या येथे शक्य नाहीत, हेही खरे. पण विमानांच्या वेळा पाहून आखलेल्या दिवसाच्या तीन-चार फेऱ्या पुरेशा आहेत.

आमच्या शाहूवाडी तालुक्यात रेल्वे नाही. मलकापूर, बांबवड्याची माणसे एसटीने कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर उतरतात. तेथून विमानतळाला रेल्वेचा वळसा त्यांना परवडणार नाही. त्यांच्यासाठी बसस्थानकातून विमानांच्या वेळेला थेट बस हवी. रेल्वेचा थेट लाभ पूर्वेकडच्या गावांना अधिक होईल, तरीही ही मागणी आमचीही आहे. सांगली-मिरजेचा प्रवासी उजळाईवाडीला आला तरच विमाने वाढतील, आणि वाढलेली विमाने आमच्याही उपयोगी पडतील.

मध्य रेल्वेच्या पुणे विभागाने चार डब्यांची अशी एक गाडी सहा महिने प्रायोगिक तत्त्वावर चालवावी. जिल्ह्यातील खासदारांनी हा विषय रेल्वे मंत्रालयापुढे लावून धरावा आणि प्रवासी संघटनांनी त्यांच्याकडे पाठपुरावा करावा, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, शाहूवाडी (जि. कोल्हापूर)