सद्दी ती सद्दीच!

आधी एक खुलासा. हल्ली रील म्हटलं की सगळ्यांना मोबाईलवरची रील आठवते. मी म्हणतोय ते मासे धरायच्या गळाचं रीळ. त्यातही फ्लाय फिशिंगचं, त्यातही लहान, म्हणजे तीन-चार नंबरच्या लाईनचं. आणि त्या रीळाच्या सगळ्यात आत, कुणालाही न दिसणारा जो दोरा असतो, ज्याला बॅकिंग म्हणतात, त्याच्यावर आज भांडायचंय. हो, एवढ्याशा गोष्टीवर अख्खा शनिवार. कंटाळा आला तर खुशाल झोपा :)

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी सोपं करून सांगतो. तुम्ही विदर्भातले असाल आणि लहानपणी संक्रांतीला गच्चीवर घसा बसेपर्यंत ओरडला असाल, तर तुम्हाला बॅकिंग आधीच कळलेलं आहे. चक्रीवर काय असायचं? पुढे मांजा आणि मागे सद्दी. मांजा महाग, त्यामुळे तो पेच लढवायला लागेल तेवढाच. मागे साधी सुती सद्दी. तिची कामं दोन. एक, चक्री भरलेली ठेवायची म्हणजे गुंडाळताना हात पटापट चालतो. दोन, पतंग फारच लांब गेला तर दोरा संपू द्यायचा नाही. फ्लाय रीळात हुबेहूब हेच आहे. पुढची जाड, रंगीत फ्लाय लाईन साधारण २७ मीटर. ती म्हणजे आपला मांजा. तिच्या मागे बॅकिंग, म्हणजे सद्दी.

आता मला सांगा, सद्दीसाठी कधी कुणी बरेलीचा माल मागितला होता का?

पण आपली आयटीवाल्यांची जमात मागते! हिंजवडीतले माझे दोनचार मित्र दरवर्षी हिमाचलात तीर्थन नदीवर ट्राउट धरायला जातात. त्यांचं ठाम मत की बॅकिंग घ्यायचं तर जेल-स्पनच, तेही ३० पाऊंडाचं, किमान १०० मीटर. जेल-स्पन म्हणजे ते डायनीमा, स्पेक्ट्रा जातीचं, अतिशय बारीक आणि अतिशय मजबूत पॉलिएथिलीन. पुण्यातल्या एका दुकानदारानेही मला हेच सांगितलं आणि मीही मुकाट्याने घेतलं. दोऱ्याचे पैसे रीळाच्या निम्म्याला पोचले. घरी येऊन गुंडाळलं तर रीळ अर्धंही भरेना. तेव्हा डोक्यात दिवा पेटला, आणि चार वर्षं शिकलेलं इंजिनीअरिंग पहिल्यांदा सुट्टीच्या दिवशी कामाला आलं.

हिशोब बघा. माझ्या रीळाचा आतला गाभा ३ सेंटीमीटर व्यासाचा, रुंदी २ सेंटीमीटर. रिकाम्या गाभ्यावर एका फेऱ्यात सव्वानऊ-साडेनऊ सेंटीमीटर दोरा येतो. म्हणजे १० मीटर ओढायला १०६ फेरे. बॅकिंग भरून तोच व्यास ४ सेंटीमीटर केला तर एका फेऱ्यात साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे ८० फेरे. (वरचे लाईनचे थर धरलेले नाहीत, ढोबळ हिशोब आहे. उगाच चुका काढू नका.) शिवाय लाईन मोठ्या वेटोळ्यात बसते, त्यामुळे टाकताना स्प्रिंगसारख्या गुंडाळ्या होत नाहीत. तीन नंबरच्या रीळात बॅकिंगचं खरं काम हे आहे. जागा भरणं. बास.

आता जागा भरायची तर दोरा जाड हवा की बारीक? जेल-स्पनची सगळी कीर्ती त्याच्या बारीकपणावर उभी आहे! साधं विणलेलं डेक्रॉन, म्हणजे पॉलिएस्टर, २० पाऊंडाचं, साधारण अर्धा मिलिमीटर जाड. ३० पाऊंडाचं जेल-स्पन ०.३ मिलिमीटरच्या आसपास. तेवढीच जागा भरायला डेक्रॉन लागतं ४५ मीटर आणि जेल-स्पन लागतं १२० मीटरच्या वर. मीटरला महाग ते महाग, वर अडीच-पावणेतीन पट जास्त लांब. उशीत कापूस भरायचाय आणि आपण केशर विकत घेतोय.

"पण मजबुती?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. भाऊ, साखळी तुटते ती सगळ्यात कच्च्या कडीला. माशाकडचं टोक, ज्याला टिपेट म्हणतात, ते लहान माशांसाठी चार-पाच पाऊंडाचं असतं. जोर आला की ते आधी तुटणार, आणि तुटायलाच पाहिजे. तिथे पाच पाऊंड आणि मागे तीस पाऊंड, हा काय प्रकार आहे? घरचं इंटरनेट टूजी असताना ऑफिसात गिगाबिटचा स्विच बसवून "आता पिक्चर फास्ट दिसेल" म्हणण्यासारखं आहे हे. २० पाऊंडाचं डेक्रॉनसुद्धा इथे गरजेच्या चौपट आहे.

जेल-स्पनचे बाकीचे नखरे वेगळेच. ते गुळगुळीत असतं, त्यामुळे गाभ्यावरची गाठ घसरते आणि अख्खी गुंडाळी गाभ्याभोवती गरगर फिरते. सैल गुंडाळलं तर ओढ लागल्यावर वरचा वेढा खालच्या वेढ्यांत घुसून अडकतो. आणि जोरात धावत असताना बोट लावलंत तर कापतं. हा दोरा वाईट नाही. समुद्रात टूनासारख्या माशामागे ३०० मीटर लागणार असतील तर त्याला पर्याय नाही. पण पेढी नदीत टूना नाही हो!

इथे विरोधी पक्षाचा सगळ्यात चांगला मुद्दा मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिलं. मुद्दा आहे महसीरचा. आपल्या दख्खनच्या महसीरला शास्त्रीय नाव दिलं ते सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने, १८३९ मध्ये, पुण्याजवळच्या मुळा-मुठेच्या माशावरून. पुढे १८७३ मध्ये हेन्री सलिव्हन थॉमसचं 'द रॉड इन इंडिया' आलं आणि महसीर गळाला लावणं हे साहेबांचं वेडच झालं. हा मासा पहिल्या धावेतच पन्नास-शंभर मीटर दोरा नेऊ शकतो, हे खरं. मग लहान रीळात जास्तीत जास्त दोरा मावण्यासाठी बारीकच नको का?

उत्तर: महसीरसाठी लहान रीळ नेणं हीच चूक आहे. तिथे आठ-नऊ नंबरचं मोठं रीळ न्या. त्यात डेक्रॉनही भरपूर मावतं. कमजोर काठीवर मोठा मासा तासभर दमवून सोडून दिला तरी तो मरू शकतो, मग सोडल्याचं पुण्य कसलं? आणि आमच्या वऱ्हाडातल्यांनी मेळघाटात सिपना नदीवर जायचे बेत करूच नयेत. तो व्याघ्र प्रकल्प आहे, तिथे मासेमारी चालत नाही.

आता दुसऱ्या टोकाचे लोक. हे जास्त धोकादायक, आणि यांच्यात मीही होतो. दिवाळीत वलगावला घरी गेलो होतो. जेल-स्पनवर चिडून ते काढून टाकलं होतं. चुलतभाऊ म्हणाला, "दादा, एवढा कायले विचार करतं? चक्रीवर नायलॉन मांजा पडला आहे, तोच गुंडाळ." फुकटचा माल! गुंडाळला. दुसऱ्या दिवशी पेढीच्या काठी गेलो. पावशेराची एक चिलापी मिळाली, आणि मग रीळ जाम. नायलॉन ताणला की लांबतो, गुंडाळल्यावर पुन्हा आकसतो आणि गाभा आवळत बसतो. त्याला वेटोळ्यांची सवय लागते ती जात नाही. सोडवता सोडवता वैतागून कापला आणि वीसेक मीटरचा गुंता बाभळीखाली ठेवला. म्हटलं, जाताना उचलू. विसरलो.

तिसऱ्या दिवशी गेलो तर त्यात गायबगळा. एक पाय आणि पंख असे आवळलेले की कातडी दिसत होती. तिथे गरी टाकून बसलेल्या भोईकाकांनी पान कापायच्या कात्रीने एकेक वेढा तोडला. पाखरू उडालं नाही, लंगडत झुडपात गेलं. पुढे काय झालं मला माहीत नाही. काकांनी माझं रीळ हातात घेऊन फिरवून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "बकरीले बैलाचं दावं कायले लावतं बाप्पा? अन् लावलं तं लावलं, नदीत कायले टाकतं?"

दोन वाक्यांत माझी दोन्ही प्रकरणं निकालात.

नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने ११ जुलै २०१७ रोजी देशभर बंदी घातली. तरी दर जानेवारीत गळे चिरल्याच्या बातम्या येतातच. त्याला कारण "पडलाच आहे तर वापरू" म्हणणारे आपणच. एक चक्री घरात ठेवायची, एक बहाणा शोधायचा, की त्या मालाला गिऱ्हाईक तयार.

तर माझा निकाल असा. लहान रीळाला २० पाऊंडाचं विणलेलं डेक्रॉन, ४०-५० मीटर. आधी फ्लाय लाईन गुंडाळा, तिच्यावर बॅकिंग भरत जा, काठाशी पाच-सहा मिलिमीटर जागा राहिली की कापा. मग सगळं काढून उलट्या क्रमाने गुंडाळा, चिमटीत ताण धरून. काठोकाठ भरू नका, मासा लागल्यावर लाईन चौकटीला घासून अडकते. नदीवरून आल्यावर ओलं असेल तर सावलीत वाळवा. आणि डेक्रॉनही कुजत नाही, हे विसरू नका. कापलेला बोटभर तुकडासुद्धा खिशात.

वलगावला याच पेढी नदीजवळ २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला. बाबांना माझा हा छंद आवडला असता असं मी मुळीच म्हणणार नाही. जीवहत्येविरुद्ध त्यांनी जन्मभर कीर्तनं केली, तेव्हा त्यांनी मला झाडूनच काढलं असतं. पण ज्या माणसाने गावात पाय ठेवल्या ठेवल्या आधी झाडू हातात घेतला, त्याच्या नदीकाठी आपण दोऱ्याचे गुंते टाकून यायचे, याची लाज वाटायला कीर्तन ऐकायची गरज नाही.

उरलेलं जेल-स्पन अजून कपाटात आहे. समुद्रावर जाणाऱ्या कुणाला हवं असेल तर फुकट घेऊन जा. मांजा मात्र कुणालाच मिळणार नाही, तो मी बारीक बारीक कापून टाकला. त्याला दीड तास लागला. तेवढी शिक्षा हवीच होती.