दोन ठिकाणचं बिऱ्हाड

मुलाला कॅन्सर झाल्याचे कळल्यावर काही दिवसांतच घराची दोन बिऱ्हाडे होतात. आई आजारी लेकराला घेऊन मुंबईत परळला, बाप गावाकडे कामावर आणि बाकीची भावंडे आजीपाशी. अहिल्यानगरकडच्या कुटुंबांना हे अंतर मोठे पडते. हा जिल्हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा असून नगर शहरापासून मुंबई सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. जामखेड, पाथर्डीकडच्यांना त्याहून लांब.

लहान मुलांत रक्ताचा कॅन्सर सर्वाधिक आढळतो. त्यातल्या ‘एएलएल’ प्रकाराचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. सुरुवातीचे महिने कडक केमोचे. या काळात पांढऱ्या पेशी घटतात आणि ताप आला की सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे लागते. म्हणून १९४१ साली सुरू झालेल्या परळच्या टाटा मेमोरियल या कॅन्सर रुग्णालयाच्या आसपास राहायला जागा मिळणे हाही उपचाराचाच भाग ठरतो. दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा कुटुंबांचा जुना आधार आहे. २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेच्या केंद्रांत मुलांना पालकांसह विनामूल्य राहता येते. आया सामायिक स्वयंपाकघरात रांधतात. शेजारच्या चुलीवरची बाई तोंड आलेल्या पोराला काय भरवायचे ते सांगते, आणि हा सल्ला कोणत्याही पत्रकापेक्षा लवकर पटतो.

महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचारांचा बराच खर्च निघतो, पण बुडालेली मजुरी निघत नाही. पाथर्डी, शेवगाव, जामखेड भागातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. तिथे नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतली ती दोघांच्या जिवावर. बायको परळला अडकली की अर्धा कोयता उरतो आणि उचल मात्र पुरी फेडावी लागते. मदत करणारे औषधाचे बिल विचारतात, या हिशेबाबद्दल क्वचितच.

नातेवाइकांची तऱ्हा वेगळी. हा आजार लागट नाही, तरी भांडी वेगळी ठेवली जातात. मुलगी आजारी असेल तर पुढे लग्नात अडचण येईल म्हणून गोष्ट झाकली जाते. देशातल्या मोठ्या रुग्णालयांत मुलांच्या मानाने मुली कमी नोंदल्या जातात, त्यामागे हेही एक कारण असावे. आजीकडची भावंडे गप्प होतात, शाळेत मागे पडतात, कधी आपल्याच भांडणामुळे दादा आजारी पडला असे धरून बसतात. त्यांना चार सोप्या वाक्यांत खरे सांगितलेले बरे. आजारी मुलाशीही लपवाछपवी फार दिवस टिकत नाही. वॉर्डातल्या इतर मुलांकडून त्याला सगळे कळतेच.

खरी कसोटी पुढे लागते. कडक केमो संपल्यावर दीड-दोन वर्षे घरी गोळ्या आणि ठरावीक तपासण्या असतात. केस उगवलेले, पोरगा अंगणात खेळतोय. मग पुन्हा एसटीचा आणि खाड्याचा खर्च कशाला, असे वाटू लागते. उपचार इथे सुटले तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. श्रीमंत देशांत ऐंशी टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात, गरीब देशांत त्याहून बरीच कमी. अर्धवट सुटलेले उपचार हे त्याचे एक मोठे कारण. आशा किंवा अंगणवाडी सेविकेने गोळ्या चालू आहेत का एवढे विचारले आणि तालुक्याच्या बालरोगतज्ज्ञाने रक्ताचा रिपोर्ट परळच्या डॉक्टरांना कळवला, तर काही खेपा वाचू शकतात.

बऱ्या झालेल्या मुलांनाही तपासणी सुटत नाही. काही औषधांचा परिणाम हृदयावर, वाढीवर किंवा पुढे अपत्य होण्यावर कित्येक वर्षांनंतर दिसतो. त्यासाठी टाटामध्ये उपचार संपलेल्यांचा वेगळा बाह्यरुग्ण विभाग १९९१ पासून चालतो. उपचारांची जुनी फाइल मुलगा किंवा मुलगी मोठी झाल्यावर त्यांच्याच हाती द्यायची असते.