होस्ट्स फाइलची उधारी

'कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम' दिसलं की आपली मंडळी होस्ट्स फाइलमध्ये आयपी चिकटवून मोकळी होतात. मला हे साफ नामंजूर आहे. अहो, अर्पानेटवर अशी यादी हाताने सांभाळणं जड झालं, म्हणून तर १९८३ साली पॉल मोकापेट्रिसने डीएनएस मांडलं!

आधी स्पेलिंग आणि व्हीपीएन बघा. मग लिनक्सवर 'डिग' आणि 'गेटएंट होस्ट्स' दोन्ही चालवा. डिग थेट डीएनएसला विचारतं, होस्ट्स फाइल बघतच नाही, गेटएंट बघतं. उत्तरं वेगळी आली, तर घोळ बहुधा आपल्याच मशीनवर.

चिकटवलेला आयपी उद्या दुसऱ्या सर्व्हरला गेला, तर तुमची डिलीट कमांड कुठे चालेल? एसएसएच इशारा देईलही, पण घाईत तो वाचतो कोण?