दोन पदरांच्या गाठी

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक काळा फळा होता. त्यावर रोज एक सुविचार लिहायचा, अशी पद्धत होती. ‘अनुभव हाच खरा गुरू’ हे वाक्य मी माझ्या हाताने त्या फळ्यावर निदान चार वेळा लिहिले असेल. चारही वेळा मला एकच काळजी होती, ओळ वाकडी जाऊ नये. अनुभव म्हणजे कोणाचा अनुभव, आणि तो गुरू होतो म्हणजे नेमके काय करतो, हे प्रश्न तेव्हा पडले नाहीत. ते मला गेल्या वर्षी पडले आणि तेही एका खोटेपणामुळे. त्या खोटेपणाची कबुली दिल्याशिवाय मला जे म्हणायचे आहे ते म्हणता येणार नाही. म्हणून आधी ती कबुली.

प्रथम वर्षाला मराठीच्या सरांनी आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार शिकवला. शेवटच्या तासाला ते म्हणाले, ‘दिवाळीच्या सुटीत घरातल्या एका माणसाची हकिगत त्याच्याच तोंडून ऐका आणि दोन पाने लिहून आणा.’ मी सुटीत घरी गेलो, फराळ खाल्ला, शेरडे राखली. पण कोणाला काही विचारले नाही. आमच्या घरात माझ्याआधी कॉलेजची पायरी कोणी चढलेले नाही. आजीला तर अक्षरओळखही नाही. लिहिण्याजोगे आपल्या घरात काय घडणार, अशी माझी पक्की समजूत होती. वर्गात कोणाचे आजोबा हेडमास्तर, कोणाचे मामलेदार कचेरीत. त्यांच्या पुढे आपली मेंढरे काय सांगायची?

मग मी एक युक्ती केली. सातारा जिल्हा म्हटला की पत्री सरकार आलेच. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ पगाराचे पैसे नेणारी रेल्वे लुटली गेली, हे मी वाचलेले होते. त्या मंडळींत मी माझ्या पणजोबांना नेऊन बसवले. त्यांना भूमिगत केले, उसाच्या फडात लपवले, पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पळवले. दोनाची तीन पाने झाली.

सरांनी वही परत दिली तेव्हा खाली लाल शाईत एकच ओळ होती. ‘पणजोबा भूमिगत असताना घरची चूल कोण पेटवत होते? आजीला विचारा.’

पुढच्या खेपेला घरी गेल्यावर मी आजीला विचारले. ती एवढी हसली की तिला ठसका लागला. ‘तुजा पणजा? आरं, त्यो त्या वक्ताला मेंढरं घिऊन मुलखावर असायचा. रेल्वे त्येनं लुटली न्हाई. बघितली तरी हुती का, देवाला ठावं!’ आणि मग, जणू मी तिची पूर्वीपासूनची चौकशी बाकी ठेवली होती अशा सुरात ती म्हणाली, ‘माजं इचार की. म्या खडी फोडलीया.’

१९७२ चा दुष्काळ आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचला आहे. आजी तेव्हा सोळा वर्षांची होती आणि लग्नाला वर्षही झाले नव्हते. माण तालुक्यात पाऊस तसाही बेताचाच. त्या साली तोही गेला. सरकारने रस्त्यांची, नालाबंडिंगची, पाझर तलावांची कामे काढली आणि लाखो माणसे त्यांवर जगली. आजी रस्त्याच्या कामावर होती. दगड फोडायचा, खडी करायची, रचून ठेवायची. खायला परदेशातून आलेली तांबडी मिलो. कामावर सुकडी वाटली जाई. ती अर्धी खाऊन अर्धी पदरात बांधून धाकट्या दिराला आणायची.

पगार पंधरवड्याने होई. हजेरी मांडणारा मुकादम मस्टरवर काय लिहितो, ते बायांना वाचता येत नव्हते. एका पंधरवड्यात आजीचे तीन दिवस कमी भरले. पुढच्या वेळी दोन. बोलायची सोय नव्हती. ‘तू त्या दिवशी आलीच नव्हतीस,’ एवढे म्हटले की संपले. तेव्हा आजीने एक उपाय काढला. लुगड्याच्या पदराच्या दशा असतात ना, त्यांतल्या एका दशीला ती रोज संध्याकाळी कामावरून निघताना एक गाठ मारू लागली. पगाराच्या दिवशी तिच्या गाठी भरल्या बारा आणि मस्टरवर निघाले नऊ दिवस. तिने पदर पुढे केला. मुकादम हसला. ‘गाठी काय, रात्री घरात बसून बी मारता येत्यात.’

तेव्हा रांगेतली मागची एक बाई पुढे झाली. दुसऱ्या गावची, आजीच्या शेजारी बसून खडी फोडणारी. तिने काही न बोलता आपला पदर उलगडला. तिच्याही गाठी बारा. आजीने कधी तिला हे सांगितले नव्हते. तिने नुसते बघितले होते आणि आपणही सुरू केले होते. दोन्ही पदर शेजारी शेजारी धरले. पगार वाटायला आलेल्या कारकुनाने ते पाहिले, मस्टर पुन्हा तपासले आणि दोघींना बारा दिवसांचे पैसे मिळाले. आजी म्हणाली, ‘म्या एकली असते तर खोटी ठरले असते.’

इथे हकिगत संपती तर ती शाळेच्या फळ्यावर लिहिता आली असती. पण आजी थोडा वेळ गप्प राहिली आणि मग जे बोलली ते तिने माझ्या वडिलांनाही कधी सांगितलेले नव्हते. ती दुसरी बाई महारवाड्यातली होती. कामावर पाण्याचे डेरे दोन होते. ‘तिच्या साक्षीवर म्या पैसं घेतलं,’ आजी म्हणाली, ‘आन् त्याच दुपारी तिनं पानी पुढं केलं तर म्या प्याले न्हाई. तान लागली हुती, तरी न्हाई. तिनं तांब्या खाली ठिवला आन् खडी फोडाया लागली.’

मी तेव्हा पदवीचा विद्यार्थी म्हणून एक मूर्ख प्रश्न विचारला. ‘आजी, मग यातून काय शिकायचं?’ आजी म्हणाली, ‘शिकायचं काय त्येच्यात? रोज मोजायचं. आन् तांब्या पुढं आला तर प्यायचं.’

मित्रहो, या प्रसंगावर मी वर्षभर विचार करतो आहे. त्यातून माझे जे मत बनले आहे, ते थोडक्यात मांडतो.

पहिली गोष्ट अशी की, अनुभव हा आपोआप गुरू होत नाही. आजीचा हा अनुभव पन्नास वर्षे आमच्याच घरात होता. मी त्याच्या शेजारी झोपत होतो. पण कोणी विचारले नाही म्हणून तो मुका राहिला. उपदेश कोणीही न विचारता करतो. हकिगत मात्र विचारल्यावाचून मिळत नाही, आणि विचारणारा आपला असल्यावाचून पुरती मिळत नाही. पाण्याच्या तांब्याची गोष्ट आजीने एखाद्या पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याला सांगितली नसती. मलाही तिने ती हसून झाल्यावर, चहा पिऊन झाल्यावर, अंधार पडल्यावर सांगितली.

दुसरी गोष्ट. एका माणसाची हकिगत ही एका पदराची गाठ आहे. तिच्याकडे बघून कोणीही म्हणू शकतो, ‘ही घरात बसून मारलेली असेल.’ दुसरा पदर शेजारी आला म्हणजे तिची साक्ष होते. आपल्या मराठी वाङ्मयात हेच घडले आहे, असे मला वाटते. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या शाळकरी मुलीने १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये आले, लक्ष्मण मान्यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आले आणि बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आले. एकेकटे पुस्तक वाचून ‘हे त्यांचे दुःख’ असे म्हणता येते. शेजारी शेजारी ठेवून वाचले म्हणजे गाठी जुळतात आणि मग ते कोणा एकाचे दुःख राहत नाही, समाजाचा हिशेब होतो. ‘जिणं आमुचं’ मी आजीच्या हकिगतीनंतर वाचले. फलटणकडचा तो मुलूख आमच्यापासून लांब नाही. वाचताना मला सारखे वाटत होते की, तांब्या खाली ठेवणारीच्या बाजूने मी ती दुपार पाहतो आहे.

तिसरी गोष्ट कामाची आहे. हकिगती ऐकून काय होते, पोट भरते का, असे आमच्यातले काही मित्र विचारतात. १९६५ साली वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यात, मागेल त्याला काम या कल्पनेचा प्रयोग सुरू केला. दुष्काळात तिची गरज साऱ्या राज्याला पटली. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला, आणि २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला. उपाशी माणूस काम मागतो आहे, हे कोणीतरी जवळ जाऊन ऐकले नसते तर ‘काम मागणे हा हक्क आहे’ हे वाक्य कायद्याच्या पुस्तकात आले नसते. आणि कायदा झाला म्हणून गाठी मारण्याचे काम संपत नाही, हेही आजीकडूनच शिकावे.

माझ्या मताला एक आक्षेप घेता येईल, आणि तो आमच्याच एका प्राध्यापिकाबाईंनी घेतला. त्या म्हणाल्या, ‘अशा गोष्टी ऐकून डोळ्यांत पाणी आणायचे आणि आपण फार शहाणे झालो असे समजायचे, हाही एक आळस आहे.’ बाईंचे म्हणणे खरे आहे. आजीची कबुली ऐकून त्या रात्री मला भरून आले आणि लगेच बरेही वाटले. जणू तिच्या वतीने माझीच सुटका झाली. पण वसतिगृहात आमच्या खोलीत चौघे राहतो. एका मित्राच्या घरून डबा आला की बाकीचे त्यावर तुटून पडतात, दुसऱ्या एकाचा डबा आला की कोणाला तरी भूक नसते. हे मी प्रथम वर्षाला पाहिले होते, पण मोजले नव्हते. आता मोजतो. आणि भूक नसली तरी त्या डब्यातला एक घास घेतो. एवढाच बदल झाला आहे. तो फार मोठा आहे असा माझा दावा नाही.

म्हणून एक सूचना करतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून सुरू आहे. आपलेही शिबिर दरवर्षी एखाद्या गावात जाते. सकाळी आपण श्रमदान करतो आणि संध्याकाळी पाहुण्यांचे व्याख्यान होते. गावकरी सतरंजीवर बसून आपले ऐकतात. एक संध्याकाळ उलटी करून पाहावी. आपण सतरंजीवर बसावे, गावातल्या चार म्हाताऱ्या माणसांनी बोलावे. एकाच आळीतली चार नकोत, चार आळ्यांतली हवीत. जे ऐकू ते या वार्षिकात छापावे.

माझी ती खोटी तीन पाने मी फाडलेली नाहीत. सरांना दुसरा निबंध दिला तेव्हा तीही सोबत जोडून दिली. सरांनी या वेळी खाली काही लिहिले नाही. फक्त विचारले, ‘त्या दुसऱ्या बाईचे नाव काय?’

आजीला ते आठवत नाही. गावही तिला नक्की सांगता येत नाही. ‘वरल्या अंगाची हुती, हाताला बोटं लांब हुती,’ एवढेच ती सांगते. हा अंक माण-खटाव-फलटणकडच्या बऱ्याच घरांत जाईल. कोणाच्या आजीने किंवा पणजीने १९७२ च्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर पदराच्या दशांना गाठी मारल्या असतील आणि एका मेंढक्याच्या सुनेची साक्ष दिली असेल, तर मला वाचनालयात येऊन भेटावे. आजी सत्तरीच्या जवळ आली आहे. तिला तो तांब्या अजून प्यायचा आहे.