सरावसंच जरा पिसून द्या

मा. संचालक,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे



दहावीच्या बीजगणितातले वर्गसमीकरणांचे प्रकरण पाहा. अवयव पाडून सोडवायच्या समीकरणांचा एक सरावसंच, पूर्ण वर्ग पद्धतीचा दुसरा, सूत्राचा तिसरा. कोणती पद्धत लावायची हे आधीच ठरलेले. मुलांनी नुसती आकडेमोड करायची. मग सूत्रावर हात बसलेला मुलगा क्ष² − 16 = 0 पाहिले तरी विवेचक काढायला बसतो. उत्तर बरोबर येते, म्हणून कोणी हटकतही नाही. 

पद्धत निवडण्याचा सराव तेवढा राहून जातो. प्रकरणाअखेरचा संकीर्ण प्रश्नसंग्रहसुद्धा त्याच प्रकरणापुरता.

फ्लोरिडातील संशोधक डग रोहरर आणि केली टेलर यांनी 2007 मध्ये याच प्रश्नावर एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना चार अनोळखी घनाकृतींची घनफळे काढायला शिकवले. काहींना एकेका आकृतीची गणिते सलग दिली, काहींना तीच गणिते मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची 89 टक्के उत्तरे बरोबर, मिसळवाल्यांची 60. आठवड्याने परीक्षा घेतली, तर सलगवाले 20 टक्क्यांवर आले आणि मिसळवाले 63 वर. मुले मोजकीच होती हे खरे. पण पुढे तिथल्या सातवीच्या वर्गांतही मिसळलेला सरावच सरस ठरला.

असा मिसळलेला सराव पुस्तकात आणायला नवे गणित रचावे लागणार नाही की पाने वाढणार नाहीत. नवी पद्धत शिकवल्यावर तिची चार-पाच उदाहरणे लगोलग हवीतच. उरलेली पुढच्या प्रकरणांत विखरून टाका. अंकगणिती श्रेढीच्या संचात एखादे वर्गसमीकरण येऊ द्या, संभाव्यतेच्या संचात एखादी श्रेढी, तीही शीर्षकाविना. काही ठिकाणी तर गणित सोडवायलाच सांगू नका: ‘कोणती पद्धत वापराल आणि का?’ एवढेच विचारा.

यामुळे सुरुवातीला सरावात चुका वाढतील, पालक शाळेत येतील, क्लासवाले ‘पुस्तक अवघड झाले’ म्हणतील. मिसळवाल्यांच्या सरावातल्या त्या 60 टक्क्यांचा अर्थ तोच आहे. तेव्हा ‘शिक्षकांसाठी’ या चौकटीत हे आधीच छापा, म्हणजे वर्गात एकट्या पडलेल्या शिक्षकाला पालकांपुढे ठेवायला छापील आधार राहील. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके पहिलीपासून टप्प्याटप्प्याने येत आहेत. दहावीची पाळी यायच्या आत एखाद्या इयत्तेत हे करून पाहावे, ही विनंती.

आपला,
एक गणित शिक्षक