व्हर्सायच्या गव्हर्नेस

फ्रेंच राजघराण्यातील लहान मुले उमराव घराण्यातल्या स्त्रीच्या हाती सोपवली जात. ‘फ्रान्सच्या बालकांची गव्हर्नेस’ या तिच्या पदावर दोन आक्षेप घेतले जातात. पद वशिल्याचे आणि केवळ मिरवण्याचे होते, हा पहिला. तिचे काम दाईचे, खरे शिक्षण पुरुषांनीच दिले, हा दुसरा.

वशिला होताच. मादाम द ला मोत यांच्यामागून हे पद त्यांच्याच कन्येकडे, डचेस द वांतादूर यांच्याकडे आले आणि पुढेही त्याच गोतावळ्यात फिरत राहिले. पण वशिल्याने आलेली व्यक्ती कुचकामीच असते, हे अनुमान १७१२ साली खोटे ठरले. त्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गोवराच्या साथीने चौदाव्या लुईची नातसून, नातू आणि पाच वर्षांचा पणतू महिन्याभरात नेले. या पणतूवर दरबारी वैद्यांनी शीर तोडून रक्त काढण्याचा उपचार केला होता. त्याचा दोन वर्षांचा धाकटा भाऊही आजारी पडला, तेव्हा वांतादूरबाईंनी त्याला आपल्या ताब्यात घेतले आणि वैद्यांना रक्त काढू दिले नाही. मूल वाचले. १७१५ साली तेच पंधरावा लुई म्हणून गादीवर बसले. राजवैद्यांना दाराबाहेर थोपवणारे पद मिरवण्यापुरते कसे म्हणायचे?

दुसऱ्या आक्षेपाचा आधार एकच: राजपुत्र सातव्या वर्षी पुरुषांच्या स्वाधीन होत. पंधरावा लुईही १७१७ मध्ये मार्शल विलरॉय यांच्याकडे गेला. यातून रिवाज कळतो, कुवत नव्हे. ती मादाम द जांलीस यांनी दाखवली. १७८२ साली ड्यूक ऑफ शार्त्रने या काउंटेसकडे आपल्या मुलग्यांचे शिक्षण सोपवले, तेही पुरुषांसाठी राखीव असलेल्या ‘गव्हर्नर’ या हुद्द्यासह. पॅरिसने यथेच्छ टवाळी केली. बाईंनी मात्र परक्या भाषा व्याकरणाऐवजी रोजच्या बोलण्यातून शिकवल्या, इतिहासासाठी चित्रदीप वापरला आणि राजपुत्रांच्या हाती सुतारकामाची हत्यारे दिली. थोरला शिष्य लुई-फिलिप १८३० मध्ये राजा झाला; त्याआधी, १७९३ साली क्रांतीमुळे परागंदा असताना, स्वित्झर्लंडमधील राइखेनाऊच्या शाळेत खोट्या नावाने भूगोल, गणित आणि भाषा शिकवून त्याने पोट भरले होते.