कमरेचा पट्टा आणि कमरेची ताकद

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी असरच्या नमाजनंतर आम्ही चाचणीचे पेपर तपासत बसलो होतो. तेवढ्यात आपा आली. तिच्या मागे भाचा आणि भाच्याच्या हातात एक खोके. आपाने दारातूनच सुरुवात केली, “बघ रे, तुझ्या भाच्याने ईदीचे सगळे पैसे कशात घातले ते!” खोक्यातून निघाला चामड्याचा एक काळा पट्टा. चांगला चार-पाच बोटे रुंद, जाडजूड, दोन काट्यांचे बक्कल असलेला. किंमत २,२०० रुपये.

“मामू, जिममध्ये जड वजन उचलणारे सगळे लावतात,” भाचा म्हणाला. “पाठ सुरक्षित राहते. आता माझं साठ किलो जातं, पट्टा लावला की ऐंशी जाईल.”

त्याला जिमला जाऊ लागून जेमतेम दोन महिने झालेत. त्याचे हे शेवटचे वाक्य ऐकले आणि आमचीच कमर कळवळली. कारण सहा महिन्यांपूर्वी अगदी हेच गणित आम्ही मांडले होते.

वीस वर्षे फळ्यापुढे उभे राहून आणि वह्यांवर वाकून आमची पाठ आखडली होती. डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले, “आजार काही नाही, स्नायू दुबळे झालेत. हळूहळू वजनाचा व्यायाम सुरू करा.” यातला ‘हळूहळू’ हा शब्द आम्ही सोयीने विसरलो. तिसऱ्याच आठवड्यात जिमच्या खिळ्याला टांगलेला एक जुना पट्टा काढला, पोट आत ओढून शेवटच्या भोकापर्यंत आवळला आणि वीस किलोच्या दांड्याला दोन्हीकडे वीस-वीस किलोच्या प्लेटा लावून तो जमिनीवरून उचलला. यालाच डेडलिफ्ट म्हणतात. दांडा उचलला गेला, पण पाठ धनुष्यासारखी वाकली आणि कमरेत चमक भरली. चार दिवस खुर्चीवर बसून नमाज पढली. वर्गातल्या मुलांनी “सर, काय झालं?” असे विचारले, तेव्हा खरे सांगायचीही लाज वाटली.

पाचव्या दिवशी आम्ही परत गेलो, तेव्हा तिथे शिकवणाऱ्या वयस्क गृहस्थांनी (त्यांना सगळे वस्ताद म्हणतात) एकच प्रश्न विचारला, “सर, पट्टा लावल्यावर श्वास कुठे घेतला होता?” आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही तर पोट आत ओढून घेतले होते. पुढचा महिनाभर त्यांनी आम्हाला पट्ट्याला हात लावू दिला नाही. त्या महिन्यात जे शिकलो, तेच भाच्याला समोर बसवून सांगितले. आज घरोघरची मुले-मुली जिमला जाऊ लागली आहेत, म्हणून ते इथेही मांडतो.

आधी एक गैरसमज दूर करू. पाठ दुखली की औषधाच्या दुकानातून आणतो तो कमरेचा पट्टा वेगळा. तो दुखऱ्या कमरेला काही दिवस आधार देतो, तिची हालचाल कमी करतो. वजन उचलणाऱ्यांचा पट्टा असा पाठीला धरून ठेवत नाही. त्याचे काम मागे नसून पुढे, पोटाशी आहे.

वर्गात आम्ही हे पाण्याच्या बाटलीने दाखवतो. प्लास्टिकची रिकामी, उघडी बाटली मुठीत दाबली की चेपते. तीच काठोकाठ भरून झाकण घट्ट लावले, की तिच्यावर जोर दिला तरी ती सहज चेपत नाही. ताकद प्लास्टिकची नसते, आतल्या दाबाची असते. आपल्या पोटाचेही तसेच आहे. खोल श्वास घेतला की छाती आणि पोट यांच्यामधला पडदा खाली येतो. त्याच वेळी पोटाचे स्नायू चारही बाजूंनी ताठ केले, की आतला दाब वाढतो आणि कण्याला पुढून टेकू मिळतो. पट्टा काय करतो? पोटाला ढकलायला बाहेरून एक भिंत देतो. पोट भिंतीवर जोर देते आणि आतला दाब आणखी वाढतो. म्हणजे काम पोटच करते. ज्याने पोट आत ओढून पट्टा आवळला, त्याने भिंत बांधली खरी, पण तिला टेकणारे कुणी नाही.

हे सांगत असताना अब्बा पलंगावरून ऐकत होते. अब्बांनी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती वाहण्यात आयुष्य काढले. ते कमरेला जाड फडके घट्ट गुंडाळत. तरी पन्नाशीतच कमर गेली. भाच्याने विचारले, “नाना, फडक्याचा उपयोग व्हायचा का?” अब्बा थोडे थांबून म्हणाले, “बांधलं की बरं वाटायचं. वाटायचं, आणखी एक पोतं उचलता येईल. तेच वाईट झालं बघ.”

अब्बांच्या या बोलण्याला दुजोरा देणारी एक पाहणी आहे. अमेरिकेत दुकानांत माल उचलणाऱ्या सुमारे नऊ हजार कामगारांवर दोन वर्षे लक्ष ठेवले गेले आणि तिचा निष्कर्ष तिथल्या वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात २००० साली छापून आला. कामावर रोज कमरेचा पट्टा बांधणारे आणि क्वचित किंवा कधीच न बांधणारे, यांच्या पाठीच्या दुखापतींत फरक आढळला नाही. ते पट्टे कामगारांचे होते, जिममधले नव्हते, हे खरे. पण नुसता पट्टा बांधला म्हणून पाठ वाचत नाही, एवढा धडा त्यातून नक्की मिळतो.

मग नवख्याने काय करावे? पहिली गोष्ट श्वासाची. पाठीवर झोपून गुडघे वर घ्यावेत. बोटे बरगडीच्या खाली, कुशीवर ठेवावीत. नाकाने असा श्वास घ्यावा की पोट पुढे, कुशी बाजूला आणि कमर खाली जमिनीकडे फुगेल. आता कुणी पोटात बोट खुपसणार आहे असे समजून सगळे ताठ करावे. बोटांना दोन्ही कुशींत कडकपणा लागला म्हणजे जमले. मग हेच उभे राहून, मग हलके वजन घेऊन. वजनाचा अवघड भाग पार झाला की श्वास सोडायचा, पुढच्या उचलीला नवा घ्यायचा. एकच श्वास चार-चार वेळा उचलताना कोंडून ठेवायचा नाही.

दुसरी गोष्ट वाकण्याची. आपल्याला खाली वाकायचे म्हटले की पाठ वाकवायची सवय असते. वाकायला हवे ते खुब्यातून. वस्तादांनी आम्हाला हे केरसुणीच्या काठीने शिकवले. काठी पाठीवर उभी धरायची, ती डोक्याला, पाठीच्या वरच्या भागाला आणि माकडहाडाला अशी तीन ठिकाणी टेकली पाहिजे. मग नितंब मागे नेत वाकायचे. तिन्हींपैकी एक जागा सुटली, की पाठ वाकली. आम्ही भाच्याला म्हटले, “बेटा, रुकूत पाठ कशी सपाट ठेवायला शिकवलं होतं?” तो लगेच उठला आणि पहिल्याच वेळी काठी तिन्ही ठिकाणी टेकली. तुलना इबादतीशी नाही, फक्त कमरेच्या घडीशी आहे. पण लहानपणापासून शरीराला ठाऊक असलेली घडी अशी कामी येते. फरक इतकाच, की वजन उचलताना गुडघेही थोडे मोडायचे.

या दोन गोष्टी अंगवळणी पडायला काही महिने जातात. वजन त्या बेताने वाढवावे, दर वेळी थोडेसे. ठोकताळा सांगायचा तर, वजन घेऊन बैठक मारताना आपल्या शरीराच्या वजनाइतका भार नीट पेलू लागला, की पट्ट्याचा विचार करावा. तेव्हाही सुरुवातीच्या हलक्या फेऱ्या पट्ट्याविना आणि पट्टा फक्त शेवटच्या जड फेऱ्यांना. आपण जास्तीत जास्त शंभर किलो उचलत असू, तर साधारण ऐंशीच्या पुढे. दंडाच्या व्यायामाला आणि यंत्रावरच्या व्यायामाला त्याची गरज नाही. जिममध्ये शिरल्यापासून निघेपर्यंत तो कमरेला बांधून फिरणे म्हणजे उन्हाळ्यात छत्री-रेनकोट घालून फिरण्यासारखे आहे.

पट्टा घ्यायचाच तर सगळीकडे सारखा रुंद घ्यावा. मागे रुंद आणि पुढे निमुळता असेल, तर पोटाला टेकायला भिंतच कमी मिळते. पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत १० सेंटिमीटर रुंदी आणि १३ मिलिमीटर जाडी ही कमाल मर्यादा आहे. नवख्याला १० मिलिमीटर जाडी पुरे. बुटक्या बांध्याला रुंद पट्टा बरगडीत रुतत असेल, तर थोडा अरुंद घ्यावा. माप पॅन्टच्या कमरेचे नको, बेंबीभोवतीचे घ्यावे. चामड्याचा परवडत नसेल तर चिकटपट्टीचा नायलॉनचाही चालतो. बांधताना तो बरगड्या आणि खुब्याचे हाड यांच्या मध्ये यावा. बांधल्यावर पोटात पूर्ण श्वास घेता आला पाहिजे. नाही घेता आला, तर एक भोक सैल करावा.

आणि हे जरूर वाचावे. श्वास रोखून जोर लावला की रक्तदाब काही क्षण बराच चढतो, पट्ट्याने आणखी. म्हणून रक्तदाब किंवा हृदयविकार असलेल्यांनी, हर्निया असलेल्यांनी, गरोदर किंवा नुकतेच बाळंतपण झालेल्या भगिनींनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नये. कमरेतून पायात कळ जात असेल, पाय बधिर होत असेल, तर त्यावर पट्टा हा इलाज नाही. डॉक्टरांकडे जावे.

सगळे ऐकून आपा म्हणाली, “ही तुमची पुरुषांची कामं.” आम्ही तिला आठवण दिली, की ऑलिंपिक पदक मिळवणारी पहिली भारतीय महिला वजन उचलणारीच होती. कर्णम मल्लेश्वरीने २००० साली सिडनीत एकूण २४० किलो वजनाच्या जोरावर कांस्यपदक मिळवले. आणि आपाचे काय? स्वयंपाकघरात भरलेला सिलेंडर सरकवते, तो टाकीसकट तीस किलोच्या आसपास असतो. दर वेळी पाठ वाकवून!

शेवटी समझोता झाला. पट्टा परत केला नाही, पण आपाच्या कपाटात कुलूपबंद झाला. भाच्याने ऐंशीचा हट्ट सोडून वजन चाळीस किलोवर आणले आहे. एका वहीत तारीख, वजन आणि पाठ सरळ राहिली की नाही, हे तो लिहितो. दर रविवारी वही आमच्याकडे तपासायला येते. वस्ताद म्हणतील त्या दिवशी कपाट उघडेल.

परवा आपाचा फोन आला. आम्हाला वाटले, पट्ट्यावरून पुन्हा वाद. पण ती म्हणाली, “अरे, सिलेंडर बदलला. नितंब मागे नेले, श्वास भरला, पाठ सरळ ठेवली. कमर दुखली नाही रे.” मागून भाच्याचा आवाज आला, “मामू, अम्मीला सांगा, वहीत लिहून ठेव म्हणावं!”